निशाणाच्या मागचं माणूस

या, असे पुढं सरकून बसा. खांबाला टेकून लांब बसलं की कीर्तनातले टाळ तेवढे ऐकू येतात, पण बुवांचा गळा कुठल्या शब्दाला दाटला ते कळत नाही. आज टाळ नाहीत की मृदंग नाही. आपल्या सोलापुरातल्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, आणि तीही हळू आवाजात. गोष्ट गोड नाही. मधे कुठं हसू आलं तर हसून घ्या, पुढं तशी जागा सापडायची नाही.

माणसाचं नाव गुरुशांत. मूळचा मंद्रूपचा. त्याच्या बापानं, नागप्पानं, रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून ३१५ बोअरची एक रायफल लायसनवर बाळगली होती. बाप गेला तशी रायफल लेकाच्या नावावर झाली, आणि तिच्याच जिवावर गुरुशांतला शहरात नोकरी लागली. बाजार समितीच्या रस्त्यावर एक पतसंस्था होती, सोनं तारण ठेवून कर्ज देणारी. तिला बंदूकवाला रखवालदार हवा होता. मॅनेजर दिग्विजयसाहेबांनी त्याची उंची बघितली, मिशा बघितल्या, लायसनची झेरॉक्स घेतली आणि म्हणाले, "उद्यापासून या." बंदूक चालवता येते का, हे काही त्यांनी विचारलं नाही.

आणि खरं सांगायचं तर येत नव्हती. लायसन नावावर करताना एका सभागृहात अर्ध्या दिवसाचा वर्ग झाला होता. शिकवणाऱ्यानं फळ्यावर बंदुकीचं चित्र काढलं, पोहे आले, प्रमाणपत्र मिळालं. बापाच्या हयातीत गुरुशांतनं दोनदा आभाळाकडं बार काढले होते, दोन्ही वेळा डोळे मिटून.

तरी दिवस बरे चालले होते. आई कमलम्मा आणि तो, विजापूर रस्त्याला दोन खोल्यांत राहायचे. सोमवारी शिवकीर्तन असलं की आईला रिक्षातून घेऊन जायचा, स्वतः मागं उभं राहून झांज धरायचा. पतसंस्थेत कॅशियर प्रदीपशी त्याचं चांगलं जमलं होतं. प्रदीप वयानं लहान, तोंडानं मोठा. सकाळी गुरुशांत दारातनं आत आला की काउंटरच्या जाळीमागनं हाळी द्यायचा, "उठा, उभे राहा! तोफखाना आला!"

"तुझ्या तोंडाला लायसन लागतंय का रे?" गुरुशांत म्हणायचा.

"माझं तोंड चालतं तरी अण्णा. तुमच्या तोफेचं काय?"

ही चेष्टा होती, पण एका दुपारी ती खरी झाली. बाहेर रस्त्यावर कांद्याच्या ट्रकचा टायर फुटला. केवढा मोठा आवाज! गुरुशांत दचकून उठला, खांद्यावरची रायफल कशी हातात आली त्याला कळलं नाही, आणि भानावर आला तेव्हा नळीचं तोंड एका हमालाच्या छातीवर होतं. बिचाऱ्याच्या पाठीवर पोतं. त्याला हातही वर करता येईना. गुरुशांतचं बोट ट्रिगरवर वाकलेलं होतं.

हमाल नुसता हसला, घाबरलेलं माणूस हसतं तसा, आणि निघून गेला. गुरुशांत मात्र मागच्या मोरीत जाऊन ओकला.

त्या दिवसापासून त्याच्या मनानं एकच धरलं. ही चालवायला शिकायचं. हौस म्हणून नव्हे, आपल्या हातून चुकीचं माणूस मरू नये म्हणून. आणि खरंच वेळ आली, तर आपल्यावर विसंबलेलं माणूस आपल्या अडाणीपणानं जाऊ नये म्हणूनही.

शिकायचं म्हटलं, पण शिकवणार कोण? तो एका रायफल क्लबात गेला. तिथं जाड कोट घातलेली शाळकरी पोरं छऱ्याच्या रायफलीनं कागदावरच्या टिकल्या फोडत होती. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "काका, हा खेळ आहे. इथं निशाण हलत नाही, ओरडत नाही. तुम्हाला पाहिजे ते शिक्षण वेगळं. आणि तुमच्या ३१५ ची गोळी आमच्या भिंतीतून आरपार शेजारच्या शाळेत जाईल." पोलिसांच्या मैदानावर विचारलं तर बाहेरच्या माणसाला परवानगी नाही. एका लॉजच्या हॉलात कोणी काळा टीशर्ट घालून 'कमांडो कोर्स' घेत होता. त्यानं गुरुशांतला फरशीवर लोळायला लावलं, फोटो काढला आणि गोळ्यांचं विचारल्यावर म्हणाला, "गोळ्या तुमच्या, मैदान तुमचं, आम्ही आत्मविश्वास देतो." प्रदीपनं मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ काढून दिले. कोणी गोरा माणूस माळावर एकटा उभा राहून डबेच्या डबे काडतुसं उडवत होता.

गुरुशांत ते बघून म्हणाला, "ह्याच्या मागं डोंगर हाय रे. माझ्या मागं कांदा मार्केट हाय."

आणि काडतुसं काय झाडाला लागतात? एक काडतूस म्हणजे घरची दोन दिवसांची भाजी, आणि वर्षाला किती घ्यायची तेही लायसनवर बांधलेलं.

शेवटी प्रदीपच म्हणाला, "अण्णा, आमच्या चुलत्यांना विचारू का?"

हे चुलते म्हणजे त्रिंबक सुभेदार, वैरागकडचे. फौजेत जवानांना गोळीबार शिकवण्यात त्यांची उमर गेली होती. आता शहरात छोटं घर, अंगणात पिंपळाचं रोप, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. प्रदीपचे आईबाप लवकर गेले, तेव्हापासून त्याला त्यांनीच वाढवलेलं. गुरुशांतनं जाऊन हात जोडले. सुभेदारांनी "जय भीम" म्हणून बसायला पाट दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशापायी शिकायचंय?"

गुरुशांतनं हमालाची हकिगत सांगितली, ओकल्याचंही सांगितलं.

"मग शिकवतो," सुभेदार म्हणाले. "मारायचंय म्हणून आला असतास तर चहा पाजून वाटंला लावला असता."

रायफल अंगणात आणायची नाही, ही त्यांची पहिली अट. त्यांनी बाभळीच्या लाकडाची एक रायफल केली, तितक्याच लांबीची आणि वजनासाठी लोखंडी सळई बांधलेली. रविवार आला की गुरुशांत त्या लाकडाशी झटायचा. खांद्यावरनं उतरवायची, उचलायची, गालाला लावायची, परत खाली. बोट ट्रिगरच्या बाहेर. बोट हळू दाबायची सवय व्हावी म्हणून कपड्याचा चिमटा दिला होता. तो दाबत दाबत गुरुशांत कीर्तनालाही बसायचा. प्रदीप ओट्यावर शेंगा खात निकाल द्यायचा, "काका, ह्यांच्यापेक्षा आपली म्हैस लवकर वळते."

"तू गप. तू कॅश मोज," सुभेदार म्हणायचे आणि गुरुशांतच्या कानाशी येऊन विचारायचे, "निशाण कुटं हाय?"

"समोर."

"निशाणाच्या मागं काय हाय?"

गुरुशांत बघायचा. कधी शेजारणीचं धुणं, कधी सायकलवरचं पोर, कधी नुसती भिंत. भिंत असली तरच सुभेदार मान हलवायचे. "गोळी माणसात थांबत न्हाय, लेका. तुझी तर न्हाईच थांबत. ती मागच्याचंबी नाव घेऊन सुटती."

"मग मागं माणूस असलं तर काय करायचं?"

"सरकायचं. न्हाईतर गुडघ्यावर जायचं. खालनं वर मारली की मागच्याच्या डोक्यावरनं जाती. पण ते लाकडावर शिकवता येत न्हाय. खांद्यात धक्का बसल्याबिगर गुडघ्यावर तोल राहत न्हाय, आन् तोल गेला की गोळी कुटंबी जाती. ते जिवंत काडतुसावर शिकवीन. तवर सरळ नियम. मागं माणूस, तर बोट बाहेर."

पावसाळाभर असं चाललं. मग सुभेदारांनी जुन्या ओळखी धुंडाळून परजिल्ह्यातल्या एका क्लबाच्या मैदानावर एक दिवस मिळवला. मोठ्या रायफलीसाठी मातीचा उंच बांध असलेलं मैदान. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं. प्रदीपनं मित्राची गाडी ठरवली. गुरुशांतला इतका आनंद झाला, की पोरीचं लग्न ठरल्यासारखा पेढे घेऊन घरी गेला.

आता ऐका, माया कशी घात करते ते.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पुजायची रीत. सुतार करवत पुजतो, रिक्षावाला रिक्षा पुजतो. कमलम्मा दरवर्षी रायफलीला बाहेरून बोटभर कुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची, झालं. या वर्षी लेकाची परीक्षा होती. गुरुशांतनं आदल्या रात्री सुभेदारांनी सांगितल्याप्रमाणं रायफल खोलून पुसली, तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून बार उडवणारी खिटी, सोडवून धडुत्यावर ठेवला आणि सकाळी पूजेसाठी सगळं घरीच ठेवून नुसता ड्यूटीला गेला. आईनं ती उघडी रायफल बघितली आणि तिला वाटलं, देवच आत जायची वाट मोकळी करून बसलाय. तिनं खोबरेल तेलात कुंकू आणि विभूती कालवली आणि बोल्टच्या भोकाभोकांतून बोटानं भरली. काडतुसं एका वाटीत तेलात बुडवून रात्रभर शिवाच्या पिंडीपुढं ठेवली. दसऱ्याला पहाटे उठून सगळं बाहेरून असं लख्ख पुसून ठेवलं, की कोणाला शंका येऊ नये. पुण्य दाखवून करायचं नसतं ना. दुसऱ्या दिवशी गुरुशांतनं अंधारातच बोल्ट बसवला, काडतुसं डबीत भरली, आईच्या पाया पडला आणि निघाला.

मैदानावर बांधापुढं फळी लावलेली. गुरुशांत आडवा झाला, श्वास धरला, दाबलं.

टक्.

मैदानाच्या अधिकाऱ्यानं हात वर केला. थांबले. दुसरं काडतूस. टक्. तिसरं. टक्. अधिकाऱ्यानं रायफल हातात घेतली, बोल्ट मागं ओढला आणि त्याचं बोट लालभडक झालं. "हे काय? रक्त?" त्यानं बोट नाकाला लावलं. "खोबरेल आहे की हो!"

शेजारच्या रांगेतलं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "रायफलीचं हळदीकुंकू झालेलं दिसतंय! वाण काय दिलं?" सगळी रांग हसली. प्रदीपलाही हसू फुटलं, पण गुरुशांतचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. अधिकारी म्हणाला, "हे हत्यार आज इथं चालणार नाही. माझ्या मैदानावर कोणाचा हात उडायला नको." त्याचंही बरोबरच होतं.

परतीच्या वाटेवर सुभेदार रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत मागू."

घरी कमलम्मा आरतीचं ताट घेऊन दारात उभी. "वाजली का रे, अप्पा?"

गुरुशांतनं तिच्या हातांकडं बघितलं. नखांत अजून कुंकू होतं.

"वाजली आई. लई झकास वाजली."

"वाजणारच! शिवाला सांगितलं होतं मी!" म्हणून तिनं लेकाच्या तोंडावरनं हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

कारागिराकडून रायफल साफ झाली, नवी काडतुसं आली. पण पुढचा महिना काही आला नाही. निवडणुकांचा हंगाम लागला. आधी नगरपालिका, मग महानगरपालिका, मग जिल्हा परिषद. एक आचारसंहिता उठते तो दुसरी बसते. गावोगावची लायसनची हत्यारं ठाण्यात जमा होऊ लागली. गुरुशांतला पतसंस्थेच्या पत्रावर ड्यूटीपुरती सूट मिळाली. पण हत्यार ड्यूटीच्या बाहेर, परजिल्ह्यात न्यायचं नावच नको. क्लबानंही मैदानाला कुलूप लावलं. त्यानं दिग्विजयसाहेबांना विनवलं, "साहेब, संस्थेकडनं कुटंतरी सरावाची परवानगी काढा. मी आजवर ह्या बंदुकीतनं एकबी गोळी नीट मारलेली न्हाय."

साहेब हसले. "अहो गुरुशांत, बंदूक दिसली की पुरतं. चोर काय तुमचं प्रमाणपत्र बघतोय? आणि हे गिऱ्हाइकापुढं बोलू नका."

गुरुशांत रविवारी लाकूड उचलत राहिला.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा सरून थोडे दिवस झाले असतील. भर दुपार. पतसंस्थेच्या पायऱ्यांवर म्हातारी नागव्वा कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाटी घेऊन बसलेली, रोजच्यासारखी. आत दोन गिऱ्हाइकं. गुरुशांत तिजोरीच्या बोळापाशी उभा, कारण सोन्याच्या पिशव्या बाहेर काढायची वेळ होती. रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. एक जण चालू गाडीवर बसून राहिला, दुसरा आत आला. तोंडाला रुमाल. उंबऱ्यातच उभं राहून त्यानं गावठी कट्टा काढला आणि काउंटरवर रोखला. "पिशव्या इकडं. कोणी हललं तर..."

गुरुशांतच्या हातांनी सगळं बरोबर केलं. रायफल उतरली, उचलली गेली, गालाला लागली. बोल्ट सरकला. ते बाभळीचं लाकूड त्याच्या हाडांत उतरलं होतं. निशाण समोर. माणसाची छाती दाराएवढी दिसत होती.

निशाणाच्या मागं काय हाय?

मागं उघडं दार. दारात, पायऱ्यांवर, नागव्वा. ती पाटी डोक्यावर घेऊन उठायला बघत होती आणि भीतीनं तिला उठता येत नव्हतं. तिच्या मागं रस्ता, माणसं, शाळेची रिक्षा.

सरकायला बोळात जागा नव्हती. गुडघा, त्याला आठवलं. गुडघ्यावर जा. आणि त्याला हेही आठवलं, की गुडघ्यावरून आपण जन्मात कधी गोळी मारलेली नाही, आणि उभ्यानं मारली ती दोनदाच, आभाळाकडं, डोळे मिटून. धक्का सोसून तोल कसा धरायचा ते खांद्याला माहीत नव्हतं. गोळी कुठं जाईल, ते त्याला देवाशपथ सांगता आलं नसतं.

त्यानं बोट बाहेर काढलं.

प्रदीपनं त्या वेळी काउंटरखालच्या धोक्याच्या भोंग्याच्या बटणाकडं हात नेला. रायफल उचललेली त्याला दिसली असणार. अण्णा आहेत, असं त्याला वाटलं असणार. कट्टा वाजला. भोंगाही वाजला. रुमालवाला पळाला, गाडी गर्दीत शिरली, आणि गुरुशांत तसाच उभा राहिला, गालाला रायफल, समोर मोकळं दार.

प्रदीप खुर्चीतून घसरून जाळीला टेकला होता. गुरुशांतनं त्याला मांडीवर घेतलं. हा पोरगा शेवटी काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं, पण बोलला नाही. जन्मभर बोलत आलेला पोरगा.

लोक जमले. नागव्वाला धरून कोणी आत आणलं. तिनं प्रदीपकडं बघितलं, मग गुरुशांतकडं, आणि छाती बडवत ओरडली, "एवढी मोठी बंदूक घिऊन काय करत हुतास रं, मुडद्या? बोटं झडली हुती का तुजी? सोन्यासारखं लेकरू घालवलंस!"

गुरुशांतनं तोंड उघडलं. एक वाक्य होतं. तू मागं होतीस, एवढंच. ते त्यानं गिळलं. म्हातारीला उरलेली वर्षं ते ओझं पाटीसारखं डोक्यावर वाहायला लावायचं? नाही जमलं त्याला.

पुढं चौकशी झाली. "गोळी का नाही चालवली?" "मागं माणसं होती." पोलिसांच्या साहेबांनी लिहून घेतलं, की रखवालदार घाबरला. पेपरात आलं, की बंदूकधारी बघत राहिला. पतसंस्थेनं त्याला काढला आणि महिन्याभरात दुसरा आणला, उंचीला आणखी बरा. त्यालाही कोणी काही विचारलं नाही. कमलम्मा देवापुढं बसून पुटपुटत राहायची, "माझ्या पूजेत काय कमी पडलं, शिवा?" तिला खरं सांगायचं धाडस गुरुशांतला आजतागायत झालेलं नाही. सोमवारी ती एकटी कीर्तनाला जाते. त्याची झांज खुंटीला आहे.

प्रदीपच्या मागं केलेल्या जलदान विधीला तो सुभेदारांच्या घरी गेला. आत वंदना चालली होती, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीनं बसली होती. तो फाटकाबाहेरच उकिडवा बसला. कोणी त्याला बघून थुंकलं. वंदना संपल्यावर सुभेदार बाहेर आले आणि त्याच्याशेजारी धुळीत बसले, पांढऱ्या सदऱ्यासकट. एकाएकी म्हातारे झाले होते.



"मागं काय हुतं?" सुभेदारांनी विचारलं.

"नागव्वा. भाकरीवाली. आन् रस्ता."

सुभेदारांनी मान हलवली. भिंत असली की हलवायचे तशी नाही. "मी शिकवलं तसंच केलंस."

"काका, गुडघ्यावर..."

"गप बस," सुभेदार म्हणाले. "गप बस, लेका. तेवढंच शिकवायचं राहिलं हुतं."

गुरुशांतनं त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले नाहीत, आणि उचलूनही घेतलं नाही. दोघंही तसेच बसून राहिले आणि आतली माणसं त्यांना ओलांडून घरी गेली.

एवढीच गोष्ट. ह्यातनं वर काढणारं निरूपण माझ्यापाशी नाही, मी शोधलं. देवाला विचारलं, तोही सध्या गप्प आहे. पण तुम्ही ऐकलंत, म्हणून एक मागणं आहे. गुरुशांतला प्रदीपचं नाव तोंडातून काढता येत नाही. सुभेदारांच्या घरात ते नाव निघालं की चूल थंड होते. तेव्हा उद्या कीर्तनात शेवटी सगळे हात जोडतात ना, त्या वेळी तुम्ही ते नाव मनात घ्या. प्रदीप. लई बोलका पोरगा होता. त्याची आठवण ठेवा.